प्रोजेक्टर बघायला गेलो, भिंत मोजत बसलो

आजची सुट्टी प्रोजेक्टर निवडण्यात गेली. खोक्यावर उजेडाचं माप म्हणून ‘9000 ल्युमेन्स’ असं ठळक छापलेलं, पण मोजलेत कसे ते कुठेच नाही. अ‍ॅन्सी किंवा आयएसओ ल्युमेन्स (म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेले) किती, असं विचारलं की आकडा धाडकन खाली येतो. ‘4के सपोर्ट’चंही तेच. 4के सिग्नल घेतो एवढाच त्याचा अर्थ. मशीनचं मूळ रेझोल्यूशन, म्हणजे त्याचे स्वतःचे पिक्सेल, त्याहून खूप कमी, 720पीसुद्धा असू शकतं.

खरी गंमत घरी टेप काढल्यावर. 100 इंची चित्र (इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात) म्हणजे रुंदी साधारण 2.2 मीटर. थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, 1.2 असेल तर प्रोजेक्टर भिंतीपासून जवळपास 2.65 मीटरवर हवा. आमच्याकडे बरोब्बर तिथे सोफा, म्हणजे प्रोजेक्टर कोणाच्या तरी मांडीवर! छताला टांगायचा की शॉर्ट थ्रो (जवळूनच मोठं चित्र पाडणारा) घ्यायचा, यावर घरात परिषद भरली. ‘तिरका ठेवू, कीस्टोनने (वाकडं चित्र सरळ करायच्या सेटिंगने) सरळ करू’ हा ठराव मी फेटाळला. त्यात पिक्सेल फुकट जातात आणि चित्राची धार बोथट होते.

डेमोत मुद्दाम रात्रीचा प्रसंग लावायला सांगितला होता. दिवे चालू होते तोवर नायकाचा काळा कोट चक्क राखाडी. साहजिकच आहे, प्रोजेक्टर काळा प्रकाश थोडाच फेकतो! खोलीतल्या उजेडात पडदा जेवढा उजळ, त्याहून काळं काही दिसणार नाही. दिवे मालवले आणि कोटाच्या चुण्यासुद्धा दिसल्या. पंख्याची घरघरही तेव्हाच ऐकू आली म्हणा.

तेव्हा आधी खिडक्यांना जाड पडदे, प्रोजेक्टर नंतर. पडद्यांचा रंग बायको निवडणार आहे. त्यावर चर्चा नाही.