बिस्मार्कच्या चौकातून जीनगराच्या घरी

हायडेलबर्गला आलेला माणूस आधी किल्ल्याकडे धावतो. आम्हीही तिकडेच निघालो होतो, पण मी भाच्याला म्हटलं, "आधी एक गल्ली." दोन वर्षं इथं शिकतोय, पण त्या गल्लीचं नाव त्यानं ऐकलं नव्हतं.

"मामा, तिथं काय आहे?"

"एका जीनगराचं घर."

ट्राममधून उतरलो ते नेमके बिस्मार्कप्लाट्झवर. याच बिस्मार्कनं, जर्मनीच्या चान्सेलरनं, १८७८ साली कायदा करून समाजवाद्यांच्या सभा, संघटना, वृत्तपत्रं बंद पाडली. बारा वर्षं बंदी राहिली आणि ती संपायच्या सुमारास समाजवाद्यांच्या पक्षाची मतं जर्मनीत सर्वाधिक होती! तिथून हाउप्टश्ट्रासच्या गर्दीतून चालत गेलं की नेकार नदीकडे उतरणारी अरुंद फाफेनगास लागते. घर क्रमांक १८.

इथं १८७१ साली फ्रीडरिश एबर्ट जन्मला. बाप शिंपी. नऊ मुलं, त्यातली तीन लहानपणीच गेली, हा सातवा. दोन लहानशा खोल्या आणि स्वयंपाकघर. गिरगावातल्या चाळीत वाढल्यामुळे मला ती जागा काही चमत्कारिक वाटली नाही. उलट खिडकीशी उभं राहिल्यावर वाटलं, इथं रात्री अंथरुणं कशी घालत असतील याचा हिशेब मी डोळे मिटून करून देईन. पोरगा खोगीर शिवायला शिकला, १९१३ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा, एसपीडीचा, अध्यक्ष झाला आणि १९१९ मध्ये देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. डाव्यांनी त्याला कधी माफ केलं नाही: १९१९ चा त्यांचा उठाव त्याच्या सरकारनं सैन्य वापरून मोडला. मलाही तो डाग पुसता येत नाही.

त्याच्या आधीचा पक्षाध्यक्ष ऑगस्ट बेबेल कातारी होता, लेथवर लाकूड कातणारा. १९०७ ची श्टुटगार्टची आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद याच पक्षाच्या यजमानपदाखाली भरली. तिथं मुंबईच्या मादाम कामांनी भारताचा झेंडा फडकवला. तो झेंडा मी पुण्यात केसरीवाड्यात पाहिलाय. त्याचा धागा या लोकांपर्यंत येतो हे मात्र इथं आल्यावर डोक्यात शिरलं. पुढचा अध्यक्ष ओटो वेल्स भिंतींना कागद चिकटवणारा कारागीर. २३ मार्च १९३३ ला हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध तो संसदेत उभा राहिला. बाहेर आणि आत वर्दीतले लोक, आणि विरोधात पडलेली ९४ मतं, सगळी याच पक्षाची. वेल्स परागंदा होऊन १९३९ मध्ये पॅरिसला वारला.

किल्ला राहिलाच. चार दिवसांनी बर्लिनला, क्रॉइत्सबेर्गमधल्या पक्षाच्या मुख्यालयात गेलो. जहाजाच्या नाळेसारखी टोकदार इमारत. आत पश्चिम जर्मनीचा चान्सेलर राहिलेल्या विली ब्रँटचा ब्राँझचा, माणसापेक्षा कितीतरी उंच पुतळा. एक हात खिशात, दुसरा पुढे पसरलेला. समोर उभं राहिलं की तो आपल्यालाच काहीतरी समजावतोय असं वाटतं. भाचा तेवढा वेळ गप्प होता, हे विशेष.

ब्रँट १९६४ ते १९८७, तब्बल २३ वर्षं पक्षाचा अध्यक्ष होता. त्याच्यानंतरच्या २३ वर्षांत खुर्चीवर नऊ जण बसले. त्यातले म्युंटेफेरिंग २००४ मध्ये म्हणाले, पोपच्या खालोखाल हेच सर्वात सुंदर पद. पुढच्याच वर्षी सोडलं, २००८ मध्ये परत घेतलं. मार्टिन शुल्त्सची गंमत अजून न्यारी: मार्च २०१७ ला वैध मतांपैकी शंभर टक्के मतं घेऊन निवडून आले, सप्टेंबरात निवडणूक आपटली, फेब्रुवारी २०१८ ला बाहेर. मग आंद्रेया नाहलेस, पक्षाच्या इतिहासातली पहिली बाई अध्यक्ष. त्याही जेमतेम वर्षभर.

"आत्ता कोण आहे?" भाच्यानं विचारलं.

"दोघं. बेर्बेल बास आणि लार्स क्लिंगबाइल."

"एका खुर्चीवर?"

"२०१९ पासून जोडीच निवडतात. बासबाई डुइसबुर्गच्या. वडील बस चालवायचे, घरात सहा भावंडं."

"किती खोल्या?" त्यानं विचारलं.