ईसीजी वाचन: हा पावसाळा पी वेव्हच्या मागे गेला

ईसीजी वाचायला शिकण्याच्या या नोंदींत मागच्या वेळी गाडी सायनस (नेहमीची लय), एएफ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची वेडीवाकडी लय) आणि एक्टोपिक (वेळेआधी पडणारे ठोके) इथपर्यंत आली होती. जूनपासून फक्त एव्ही ब्लॉक घेतले, म्हणजे वरच्या कप्प्यांतून (एट्रियम) खालच्या कप्प्यांत (व्हेंट्रिकल) जाणारा विजेचा संदेश उशिरा पोहोचणं किंवा अडणं. नर्सिंगच्या वर्गात हा धडा नावं पाठ करून उरकतात: फर्स्ट डिग्री (संदेश फक्त उशिरा), सेकंड डिग्री टाइप वन, टाइप टू (काही संदेश गळतात), थर्ड डिग्री (एकही पोहोचत नाही), झालं. लक्षात राहावं म्हणून उशिरा घरी येणाऱ्या नवऱ्याची गोष्ट (रोज थोडा जास्त उशीर, मग एक दिवस येतच नाही) प्रत्येक बॅचला सांगितली जाते, पोरं हसतात आणि पेपरात मार्कही मिळतात. पण वॉर्डातली स्ट्रिप (ईसीजीची कागदी पट्टी) पुस्तकातल्या चित्रासारखी सोयीच्या बीटपासून सुरू होत नाही. ती मधूनच कुठून तरी सुरू होते आणि मधेच संपते. तिथे नवऱ्याची गोष्ट कामाला येत नाही, मोजणी येते.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच: कागद सेकंदाला २५ मिलिमीटर पळतो, म्हणून बारीक चौकट ०.०४ सेकंदाची आणि मोठी ०.२० ची. पी ही एट्रियमची लहर, क्यूआरएस व्हेंट्रिकलची, टी त्यानंतरची. पीआर, म्हणजे पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर, तीन ते पाच बारीक चौकटी. क्यूआरएस तीनच्या आत. रेट काढायला १५०० भागिले दोन क्यूआरएसमधल्या बारीक चौकटी. रिदम वेडावाकडा असेल तर तीस मोठ्या चौकटींतले, म्हणजे सहा सेकंदांतले बीट मोजून गुणिले दहा.

हत्यार बदललं, हा या पावसाळ्यातला मोठा बदल. कंपासपेटीतला डिव्हायडर ठेवून दिला. त्याचं टोक थर्मल पेपरवर घासलं की काळी रेघ उमटते आणि मग ती रेघ डिव्हायडरची की पेशंटची, हा नवा घोळ. आता कोऱ्या कागदाची सरळ कड आणि टोकदार पेन्सिल. ठळक दिसणाऱ्या सलग दोन पी वेव्हखाली कडेवर दोन खुणा करायच्या, कागद सरकवायचा, पहिली खूण दुसऱ्या पी वर ठेवायची आणि दुसरी खूण कुठे पडते ते बघायचं. तिथे पी दिसत नसेल तर तो नाही असं लगेच म्हणायचं नाही. तो टी मध्ये किंवा क्यूआरएसमध्ये दडलेला असू शकतो. माझ्या मते ब्लॉकचं निम्मं शिक्षण या सरकवण्यात आहे, आणि आमच्याकडे हे हाताला धरून क्वचितच शिकवलं जातं.

एक स्ट्रिप सविस्तर सांगतो, कारण सगळा धडा तिच्यात आहे. साक्रीकडचे एक बाबा. "डोयासमोर अंधारी येस, भाऊ," एवढीच तक्रार. लीड टू ची (हृदयाकडे बघण्याच्या ठरलेल्या कोनांपैकी एक) लांब पट्टी काढली. क्यूआरएस दर चाळीस बारीक चौकटींनी, म्हणजे रेट ३७ च्या आसपास. रुंदी चार चौकटी. पहिल्या क्यूआरएसच्या आधी पीआर सहा चौकटी. दुसऱ्याच्या आधी बारा. तिसऱ्याच्या आधी पी दिसतच नव्हता. शेजारी उभ्या एकाने लगेच निकाल दिला: "पीआर वाढत गेला, मग पी हरवला, वेंकेबाख!" वेंकेबाख म्हणजे टाइप वन, पीआर लांबत जाऊन एक बीट गळतो तो. ऐकायला बरोबर वाटतं. पण वेंकेबाखमध्ये पी हरवत नाही, पी येतो आणि त्याच्यामागचा क्यूआरएस गळतो. इथे क्यूआरएस एकही गळला नव्हता.

कागदाची कड लावली. पी दर सतरा चौकटींनी, रेट ८८. खुणा सरकवत गेलो तर पहिल्या क्यूआरएसनंतरचा पी बरोबर टी च्या शेंड्यावर पडला. ती टी शेजारच्या टी पेक्षा उंच होती आणि तिला एका बाजूला खांदा होता, पण आधी कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. दुसऱ्या क्यूआरएसला चिकटून मागे एक बारका उंचवटा, तोही पीच. आणि तिसऱ्या वेळचा हरवलेला पी क्यूआरएसने सुरुवातीलाच गिळला होता. पी आपल्या चालीने, क्यूआरएस आपल्या चालीने, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. कम्प्लीट हार्ट ब्लॉक, म्हणजेच थर्ड डिग्री.

मी वहीत लाल पेनने लिहिलंय: पीआर बदलतोय पण आरआर (दोन क्यूआरएसमधलं अंतर) ठाम आहे, तर आधी थर्ड डिग्रीचा विचार. वेंकेबाखमध्ये आरआर ठाम राहूच शकत नाही, बीट गळतो तिथे पॉज येणारच. एस्केपची, म्हणजे वरचा संदेश न आल्यावर खालून आपोआप पडणाऱ्या ठोक्याची, रुंदीही बघायची. अरुंद आणि ४० ते ६० असेल तर जंक्शनवरून (एट्रियम-व्हेंट्रिकलच्या सांध्यावरून) आलेला, रुंद आणि २० ते ४० असेल तर खालून व्हेंट्रिकलमधून. दुसऱ्यावर भरवसा कमी, अट्रोपिनलाही (ठोके वाढवायचं औषध) तो बहुधा दाद देत नाही. बाबांचा रुंद होता. डॉक्टरांना फोन, बीपी, पेसिंगचे (बाहेरून विजेने ठोके देण्याचे) पॅड, क्रॅश कार्ट जवळ. बाबांना पुढे पेसिंगसाठी हलवलं.

वेंकेबाख या डॉक्टरची एक गंमत. त्याने ही लय १८९९ मध्ये नाडीच्या आलेखांवरून ओळखली, म्हणजे ईसीजी वापरात यायच्या आधी. मोबिट्झने सेकंड डिग्रीचे हे दोन प्रकार वेगळे केले ते १९२४ मध्ये, आणि ईसीजीचा जनक आइन्थोवेनला नोबेल मिळालं तेही १९२४ मध्येच. हे वाचल्यापासून मनगटावर बोटं ठेवून बोटांनी ताल धरायची सवय लावली. तीन ठोके, पॉज, तीन ठोके, पॉज. गटागटाने येणारी नाडी हाताला खरंच कळते, आणि मग स्ट्रिपवर ते गट आधी दिसतात, पीआर नंतर. तपासायचं असेल तर पूर्ण पट्टी मोजत बसू नका: पॉजच्या लगेच आधीचा पीआर आणि लगेच नंतरचा पीआर, एवढे दोनच मोजा. नंतरचा आखूड निघाला तर टाइप वन. दोन्ही सारखे असतील तर टाइप टू, आणि तो सांगायला उशीर करायचा नाही.

टू इज टू वन (दोन पीमागे एकच क्यूआरएस) मात्र अजून डोकं खातो. एकाआड एक बीट गळतो, त्यामुळे सलग दोन पीआर मिळतच नाहीत आणि टाइप ठरवायला आधार राहत नाही. अरुंद क्यूआरएस आणि लांब पीआर असेल तर टाइप वनकडे कल, रुंद असेल तर टाइप टूकडे. पण कल म्हणजे निदान नव्हे. लांब पट्टी काढायची आणि कुठे तरी थ्री इज टू टू सापडतो का ते बघायचं. वहीत मी अशा स्ट्रिपवर "टू इज टू वन" एवढंच लिहितो, पुढे शेपूट जोडत नाही.

आणि पॉज दिसला की ब्लॉक म्हणून ओरडण्याआधी मागच्या टी कडे बघा. वेळेआधी आलेला एट्रियल एक्टोपिक टी मध्ये दडतो, खाली उतरत नाही आणि पॉज पडतो. पॉजची सगळ्यात जास्त वेळा सापडणारी मुळं यातच असतात. ब्लॉकमध्ये पी वेळेवर येतो, इथे लवकर. कडेवरच्या खुणा हा फरक लगेच दाखवतात.

आमच्या भागात ब्लॉक शिकायला एक झाडही आहे. पिवळी कण्हेर, आपली बिट्टी. हायवेच्या मधल्या पट्ट्यात, शाळेच्या कुंपणाला, कुठेही. तिच्यातली द्रव्यं डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या जातीची. विषबाधेच्या पेशंटमध्ये सायनस ब्रॅडी (मंद ठोके), सायनस पॉज, फर्स्ट डिग्री, वेंकेबाख, कम्प्लीट, काहीही दिसू शकतं, आणि सकाळचा रिदम दुपारी राहील याची खात्री नाही. म्हणून एक ईसीजी चांगला आला की निर्धास्त व्हायचं नाही, मॉनिटर चालू आणि ठरावीक वेळाने ईसीजी. सोबत पोटॅशियमही बघायचं, त्या बाधेत ते वाढतं. श्रीलंकेत या बियांच्या विषबाधा इतक्या होतात की तिथल्या डॉक्टरांनी त्यावर बरंच काम केलंय. अशा केसची स्ट्रिप मी संग्रहात ठेवत नाही. घरच्यांच्या चेहऱ्यांसमोर छंद आठवत नाही. फक्त क्रम वहीत उतरतो.

आता थोडं कुरकुरीचं. खानदेशात मे महिना म्हणजे जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर, पेशंट घामाने निथळलेला आणि सक्शन बल्ब छातीवर ठरत नाहीत. जेली वाढवून उपयोग नाही. आधी कोरड्या गॉजने पुसा, मग बोटभर जेली, आणि दोन बल्बांमधली जेली एकमेकींत मिसळू देऊ नका. बेसलाइन जाड केसाळ दिसली तर भिंग घेऊन मोजा: एका बारीक चौकटीत दोन लहरी बसत असतील तर ती आपली ५० हर्ट्झची लाइट आहे, हृदय नाही. कूलरचा प्लग काढा, अर्थिंग बघा. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांची स्ट्रिप हुबेहूब फ्लटर (एट्रियमची वेगाने धावणारी करवती लय) वाटते. क्लॅम्प दंडाकडे सरकवला की बहुतेक वेळा फ्लटर बरा होतो. वायरी लाल उजवा हात, पिवळी डावा, हिरवी डावा पाय, काळी उजवा पाय. लीड वन उलटी आणि एव्हीआर सरळ दिसली तर आधी हातांच्या वायरी तपासा.

आमच्या मशीनने वर छापलेलं निदान मी दुमडून मागे करतो आणि आपलं लिहून झाल्यावरच उघडतो. उंच टी ला क्यूआरएस समजून त्याने रेट दुप्पट छापल्याचं पाहिलंय.

स्ट्रिपा जपणाऱ्यांनो, लॅमिनेशन अजिबात करू नका, थर्मल पेपर उष्णतेने पूर्ण काळा होतो. प्लास्टिकच्या पिशवीतही ठेवू नका, अक्षरं उडतात. नाव, वय, आयपी नंबर कापून झेरॉक्स काढायची आणि वहीत ती चिकटवायची. मूळ कागद केस पेपरचा असतो, आपला नाही. वॉर्ड इन्चार्ज सिस्टरना विचारल्याशिवाय झेरॉक्सही नाही.

व्हीएफ (व्हेंट्रिकलची नुसती थरथर), असिस्टोल (सरळ रेघ) यावर वेळ घालवला नाही. तिथे वाचन कमी, नाडी आणि हात जास्त. सरळ रेघ दिसली की पेशंटकडे बघत लीड तपासा, एवढंच.

पुढच्या हप्त्यात बंडल ब्रँच (व्हेंट्रिकलमध्ये संदेश नेणाऱ्या फांद्यांचे ब्लॉक), छातीवरच्या लीड व्ही वन आणि व्ही सिक्स समोरासमोर ठेवून. आणि रेट १५० च्या आसपास ठाम असलेल्या पट्ट्या उलट्या धरून बघण्याचा सराव: कागद डोक्यावर उलटा केला की फ्लटरचे करवतीचे दात काही वेळा चटकन डोळ्यात भरतात. तुमच्यापैकी कुणाकडे टाइप टूची लांब पट्टी असेल, नाव-नंबर कापलेली, तर तिच्या मोजणीसकट लिहा. माझ्या वहीत ते पान अजून कोरंच आहे.