कडेवरचं नाव

जुन्या बाजारात आवडलेल्या वस्तूकडे बघायचं नाही, हा पहिला नियम. शेजारचं गंजलेलं कुलूप उचलायचं, त्याची किल्ली मागायची, नाही म्हटल्यावर थोडं नाराज व्हायचं आणि निघता निघता सहज विचारायचं, "आणि हे काय आहे, मामा?" पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो आणि दर खेपेला तिथे हे नाटक रंगतं. मामांना ते आपल्यापेक्षा चांगलं पाठ असतं. ते आपल्या हाताकडे बघतच नाहीत, डोळ्यांकडे बघतात.

तिथे काय नसतं! पितळी भोंग्याचा ग्रामोफोन असतो. त्याची पेटी गेल्या दिवाळीत ठोकलेली असते, भोंगा त्यानंतरचा. लंडनचं नाव कोरलेलं जहाजी होकायंत्र असतं, आणि ते कोणत्याही जहाजावर कधी चढलेलं नसतं. आम्लात बुडवून तीनशे वर्षांनी म्हातारी केलेली तलवार असते. तिची चौकशी केली की ती हमखास एखाद्या सरदाराच्या वाड्यातून आलेली निघते. गावोगावचे वाडे इतक्या तलवारी अजून कुठून पुरवतात, देव जाणे. म्हणून मी शस्त्रांच्या वाटेला जात नाही. माझा जीव अडकलाय पदकांत, आणि तोही मुख्यतः एकाच प्रकारच्या: पहिल्या महायुद्धानंतर शिपायांना दिलेल्या चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलमध्ये.

दिसायला ते काही फार देखणं नाही. पुढून पंचम जॉर्जचं मुंडकं. मागे घोड्यावर चक्क उघडाबंब स्वार, घोड्याच्या टापांखाली शत्रूची ढाल, आणि 1914 आणि 1918 ही सालं. खरी गोष्ट आहे ती कडेवर. पदक आडवं धरून भिंगाखाली हळूहळू फिरवलं की बारीक ठशांची अक्षरं एकेक करून पुढे येतात: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. इंग्रज कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं नाव, शेवटी 103 किंवा 110 किंवा 117 मराठा. 1922 मध्ये या पलटणी एका रेजिमेंटात ओवल्या गेल्या आणि जुने आकडे गेले. कडेवर ते अजून आहेत.

मराठा पलटणींतले कितीतरी जण तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते. तिथल्या कुत-अल-अमारा गावाला डिसेंबर 1915 मध्ये तुर्कांचा वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 ला आत अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनने शरणागती पत्करली. डिव्हिजनच्या नावात पुणे आहे, पण पुण्यात कुणाला कुत विचारून बघा.

मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मेलेल्यांसाठी बसऱ्यात भलंमोठं स्मारक बांधलं, चाळीस हजारांहून जास्त जणांचं. तिथे इंग्रज शिपायांची नावं भिंतीवर कोरली. हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र अधिकाऱ्यांची नावं आणि बाकीच्यांचा पलटणवार नुसता आकडा. नावं वहीत राहिली. पुढे 1997 मध्ये सद्दामच्या हुकुमाने ते अख्खं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवलं, आकड्यांसकट. आपल्याकडे सातारा-रत्नागिरीच्या गावांतून जुन्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर. पुन्हा आकडाच. त्यामुळे चांदीच्या त्या दोन-तीन मिलिमीटरच्या कडेचं मला अप्रूप आहे. सरकारने शिपायाला नावाने हाक मारली आणि ती हाक त्याच्या हातात दिली, ती तिथे.

आता गंमत अशी, की नाव चांदीवर, म्हणून पदकाचा जीव धोक्यात. तीसेक ग्रॅम चांदी काही कमी नाही. 1980 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या खरेदीने चांदीचे भाव भडकले, तेव्हा खुद्द इंग्लंडातही ही पदकं ढिगाने वितळली. आपल्याकडे त्यासाठी भाव भडकायचीही गरज नव्हती. पैंजणाला चांदी कमी पडली की झालं. मजूर तुकड्यांतल्या लोकांना हेच पदक कांस्यात दिलं होतं, हलक्या मानाचं म्हणून. सोनाराने त्याला हात लावला नाही, त्यामुळे ती पदकं वाचली.

सोनाराच्या हातून सुटलं तरी घरातल्या चिंचेचं भय उरतंच. शंभर वर्षांचा तो काळसर थर बघून आमच्या आईचे हात शिवशिवतात. "अरे, एकदा घासून दिलं तर किती लख्ख दिसेल!" तिच्या दृष्टीने मी घाण जमवतो. मी पदकं कपाटात कुलपाखाली ठेवतो ती चोरांच्या भीतीने, असं पाहुण्यांना वाटतं. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात एखादी वस्तू पुरावस्तू ठरायला शंभर वर्षांची अट आहे. माझी पदकं कपाटात पडल्या पडल्या त्या वयाची झाली, हे सांगून मी आईला थोडं घाबरवलंय.

या छंदातली एक गोष्ट मला अजून पचत नाही. पदक हाती आलं की संग्राहक प्रथम मृतांच्या यादीत नंबर शोधतो. सापडला तर भाव वाढतो. कुतच्या वेढ्यात असेल तर अजून वाढतो, आणि तुर्कांच्या कैदेत मेला असेल तर विचारू नका. लिलावाच्या याद्या मीही वाचतो, आणि यादीत नंबर सापडला की माझेही डोळे चमकतात. ते काही बरं लक्षण नाही.

माझं सगळ्यात आवडतं पदक त्या मानाने कवडीमोलाचं. त्याचा नंबर कुठल्याच यादीत नाही. म्हणजे गडी बहुतेक सुखरूप घरी आला आणि म्हातारा होऊन मेला. रिबीन ओवायची वरची कडी तुटलीय, रिबिनीचा पत्ता नाही. वारसांनी वस्तू विकली म्हणून आम्ही संग्राहक मंडळी उगाच हळहळतो. मला वाटतं, हे पदक त्यानेच विकलं असेल, एखाद्या नडीच्या वर्षी, बैल घ्यायला. चांदी त्याची, नाव त्याचं. विचारायचं कुणाला?