आईचं इनॅमलचं ताट आणि दहिसर नदी

इंग्लंडमध्ये शेफील्डला माझ्या घराजवळून पोर्टर ब्रुक नावाचा ओढा वाहतो. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही पाचसहा जण पाणी किती स्वच्छ आहे ते बघायला गमबूट चढवून त्यात उतरतो. जाळी प्रवाहात धरायची, तिच्या पुढ्यात तीन मिनिटं पायांनी तळ ढवळायचा, मग एक मिनिट दगड उचलून हाताने चोळायचे. जाळीतलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं की आधी नुसता गाळ दिसतो. जरा दम धरला की तो गाळ चालायला लागतो.

मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस या पाण्यात वाढणाऱ्या किड्यांच्या अळ्या आणि कोळंबीचा चुलतभाऊ शोभेल असा गॅमारस, हे आमचे मोजायचे जीव. मोजणी ठरलेल्या आकड्याखाली घसरली की पर्यावरण खात्याला कळवायचं. बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेपुरतं बोलतं; रात्री कुणी काही सोडलं तर सकाळपर्यंत ते वाहून गेलेलं असतं. अळी महिनोन्महिने तिथेच राहते. ती मेली की मोजणीत खड्डा पडतो.

डिसेंबरात बोरिवलीला आले, तेव्हा आईला हे कौतुकाने सांगितलं. "किडे सापडले की पाणी चांगलं? आपल्याकडे टाकीत एक अळी दिसली तरी सोसायटीची मीटिंग लागते!"

बरोबर आहे तिचं. किडा कोणता, यावर सगळं असतं. ब्रिटनच्या जुन्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत सापडलेल्या जिवांवरून पाण्याला गुण देत, स्वच्छ पाणी लागणाऱ्या जिवाला जास्त: दगडाला चिकटणाऱ्या चपट्या मेफ्लायला 10 गुण, कायरोनोमिड म्हणजे डासासारख्या पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्यांना 2, गाळातल्या जंतांना 1. हे गुण तिथल्या जिवांचे, इथे जसेच्या तसे लावायचे नसतात. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची वेगळी जैविक पद्धत आहे, त्यात विविधतेलाही गुण असतात.

दहिसर नदी तुळशी तलावाकडून राष्ट्रीय उद्यानातून खाली येते. उद्यानात जाळी टाकणं बरं नव्हे, म्हणून काठाचा एकच दगड उलटून पाहिला. खाली तांदळाएवढी अळी, तीन शेपट्या, पोटाच्या कडेने कल्ल्यांची थरथर. मेफ्लाय! दगड होता तसा ठेवला.

मग वस्तीतल्या पुलाशी गेलो. हातमोजे घालून, जुन्या झाऱ्याने काठाचा काळा गाळ आईच्या इनॅमलच्या ताटात घेतला. वास सांगत नाही. पाच मिनिटांनी त्यातून लालभडक अळ्या वळवळत वर आल्या, कायरोनोमिडच्या. क्रॉफर्ड मार्केटला माशांचं खाद्य म्हणून ब्लडवर्म मिळतात ना, त्याच. त्यांच्याही अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिथे ऑक्सिजन नावालाच उरलेला असतो तिथेही त्या तग धरतात. मेफ्लायसारखी शेपटीवाली अळी एकही नाही. दोन ठिकाणांत रिक्षाचं अंतर.

आई वाकून बघत होती. "बिचाऱ्या, रंग किती छान आहे," म्हणाली.

ताट तीनदा उकळत्या पाण्याने धुतलं. तरी ते आता बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीखाली असतं.