मुरमाच्या भरावावर मर्यादवेल : माझा अनुभव

नवी मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांत कुंपणाकडेची जमीन म्हणजे नुसता भराव. मुरूम, खडी, प्लास्टरचे तुकडे आणि वर बोटभर लाल माती. नेरूळच्या आमच्या आवारातली पट्टीही तसलीच. पावसाळ्यात टाकळा, दिवाळीनंतर धूळ. आता तिथे बारमाही हिरवी मर्यादवेल आहे.

अशा जागेला नर्सरीवाले हमखास वेडेलिया, म्हणजे पिवळ्या फुलांची जमिनीवर पसरणारी वेल, सुचवतात. ती मूळची अमेरिकेतली आणि एकदा पसरली की आवरत नाही. मर्यादवेल आपल्या कोकण किनाऱ्याची. शिंपल्यांचा चुरा मिसळलेल्या वाळूत ती वाढते, म्हणून भरावातल्या सिमेंट-चुन्याचं तिला वावडं नाही. ऊन मात्र भरपूर हवं. झाडाखाली लावण्यात अर्थ नाही.

किनाऱ्यावरून वेल उपटून आणू नका, तिथली वाळू तिनेच धरलेली असते. कुणाच्या बागेतली छाटणी मागून घ्यावी. मृगाचा पाऊस स्थिरावला की २५ ते ३० सेंमीचे, तीन-चार पेरांचे तुकडे करायचे. फार कोवळा शेंडा कुजतो, तो टाकून द्यायचा. कापल्यावर चीक येतो. तो सुकेपर्यंत तुकडे सावलीत ठेवायचे. टिकावाने वीतभर खोल जमीन सैल करायची आणि ५ सेंमीच्या चरीत तुकडा आडवा घालायचा. दोन पेरं मातीखाली, टोक वर. मुळं पेरांतूनच फुटतात, त्यामुळे उभा खोचण्यापेक्षा आडवा बरा. अर्ध्या मीटरवर एक या हिशेबाने १० चौरस मीटरला ४० तुकडे लागतात.

बी असेल तर कवच टणक असतं. एका बाजूने पॉलिश पेपरवर घासून रात्रभर भिजवायचं. फुगलेलं तेवढंच पेरायचं.

शेणखत घालायचा मोह आवरावा. खताने वेलीआधी तण माजतं, आणि खरी लढाई पहिल्या पावसाळ्यातच असते. टाकळा आणि गाजर गवत वीतभर होण्याआधी उपटलं नाही तर खालची वेल उन्हाअभावी पिवळी पडते. दुसरा धोका साचलेल्या पाण्याचा. गटाराच्या कडेने मुरूम दाबून बसलेला असेल तर पेरं काळी पडून कुजतात. तिथे पाण्याला उताराची वाट काढावी, नाहीतर वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावावी.

पाऊस उघडल्यावर पहिल्या वर्षी दहा-बारा दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्यायचं. रोजच्या शिंपणाने मुळं वरच राहतात आणि एप्रिलात वेल माना टाकते. दुसऱ्या उन्हाळ्यात पानं लहान होतात, पण हिरवी राहतात.

पानांना गोल भोकं दिसली तर उलट बाजूला सोनेरी, चकचकीत किडा सापडेल. हाताने वेचला की पुरतं, फवारणी नको. फुलं सकाळची, जांभळट गुलाबी, दुपारपर्यंत मिटतात. आणि पायवाट असेल तिथे ही लावू नये. तुडवणं तिला सोसत नाही, शिवाय लांब वेलांत पाय अडकतो. वाटेवर आलेले वेल दर दोन महिन्यांनी कापायचे. पावसाळ्यात तेच तुकडे पुढच्या पट्टीला लावता येतात.