तुम्ही विचारलंत म्हणून: लोकरीच्या या चौकोनाचौकोनांच्या पांघरुणाची शिवण कुठे आहे?

घरी आलेली बाई दिवाणावर बसते, पाणी पिते आणि बोलता बोलता तिचा हात पांघरुणाच्या कोपऱ्याकडे जातो. कोपरा उलटा होतो. मला हसू येतं, कारण मीही तेच करते. भरतकाम असो की विणकाम, आपल्याकडे ते मागून बघायचं असतं. पुढून काय, कुणीही छान करेल. मागे गाठी आणि लोंबणारे धागे आहेत का, यावर बाईची परीक्षा. मग प्रश्न येतोच: "एवढे सगळे चौकोन, पण शिवलेत कुठे?"

चौकोन ४८० आहेत. आडवे वीस, उभे चोवीस. प्रत्येक अडीच इंचाचा. ते शिवलेले नाहीत, एकातून एक उगवलेले आहेत. आता हे "उगवलेले" म्हणजे काय ते नीट सांगते.

सुईवर ३१ टाके घालायचे. मधला, म्हणजे सोळावा, टाका खुणेची पिन लावून ओळखून ठेवायचा. पहिली ओळ सगळी सुलट. दुसऱ्या ओळीत १४ टाके सुलट विणायचे आणि मधल्या तिन्हींचा एक करायचा. तो असा: दोन टाके एकदम, सुलट विणायला घेतो तसे, पण न विणता उजव्या सुईवर सरकवायचे. पुढचा सुलट विणायचा. मग ते सरकवलेले दोन त्याच्या डोक्यावरून ओलांडून टाकायचे. उरलेले १४ सुलट. झाले २९. परतीची ओळ नुसती सुलट. पुढच्या खेपेला १३, तिन्हींचा एक, १३. झाले २७. असं करत करत शेवटी सुईवर एकच टाका राहतो आणि तुमच्या हातात एक चौकोन असतो, ज्याच्या मधून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरका कणा गेलेला असतो. फोटोच्या फ्रेमच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या ४५ अंशांत कापून भिडवलेल्या असतात, तसाच. इंग्रजीत त्या सांध्याला माइटर म्हणतात, म्हणून हा माइटर्ड स्क्वेअर.

मी आयुष्यभर अकाउंट्समध्ये काम केलं, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. ३१ अधिक २९ अधिक २७, असं एकापर्यंत. बेरीज २५६, म्हणजे सोळाचा वर्ग. एकापासूनच्या विषम संख्या ओळीने मिळवत गेलं की वर्ग येतो, हे शाळेत पाठ केलं होतं. ते सुईवर दिसलं वयाच्या बावन्नाव्या वर्षी, लोकलमध्ये, घाटकोपर आणि दादरच्या मधे कुठेतरी.

तर शिवण. ओळीचा पहिला टाका न विणता सरकवला की चौकोनाच्या बाजूला साखळी तयार होते, बरोब्बर १५ कड्यांची. पुढचा चौकोन करताना त्या १५ कड्यांतून १५ टाके उचलायचे, कोपऱ्यातून एक, आणि शेजारी दुसरा चौकोन असेल तर त्याच्या बाजूचे १५. पुन्हा ३१! म्हणजे नव्या चौकोनाचा जन्मच दोन शेजाऱ्यांच्या अंगातून होतो, शिवायला काही उरतच नाही. ही युक्ती अर्थात माझी नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वुड्स बेलामी या बाईंनी असे चौकोन-त्रिकोण एकमेकांच्या कडेवरून उचलून विणायची पद्धत बसवली होती आणि १९४८ साली तिचं पेटंटही घेतलं होतं.

याची वाईट बाजू कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. एखादा चौकोन बिघडला आणि तो पुढे चौकोनांच्या चार ओळी गेल्यावर दिसला, तर विसरा. शिवलेल्या पांघरुणात शिवण उसवून तेवढाच तुकडा बदलता येतो. इथे त्याच्या डोक्यावर सगळं कुटुंब उभं असतं. माझ्या तिसऱ्या ओळीत एक चौकोन २९ टाक्यांचा आहे. नाही, दाखवणार नाही.

आता खरं उत्तर. या पांघरुणाला शिवण आहे. एक.

ते आम्ही दोघींनी केलंय. मी आणि माझी गाडीतली मैत्रीण. ती कल्याणला चढायची, बसून यायची. मी डोंबिवलीला, म्हणजे ठाण्यापर्यंत उभी. चढल्या चढल्या "तुम्ही कुठे उतरणार?" करत फिरायचं आणि उतरणारीची सीट सांगून ठेवायची. एकदा बसलं की ठाणे ते व्हीटी एक चौकोन, गप्पा नसल्या तर. परतीला व्हीटीपासूनच बसायला मिळायचं, तेव्हा दीड. लांब सरळ सुया डब्यात चालत नाहीत, शेजारणीच्या बरगडीत जातात. आम्ही तारेने जोडलेली गोल सुई वापरायचो, १० नंबरची. कुर्ल्याच्या अलीकडे गाडी सांधे बदलते तेव्हा तिन्हींचा एक करायचा नाही, हा आमचा नियम. टाका सुटलाच म्हणून समजा.

लोकर कुठून? मुंबईत कोण मोठ्या माणसासाठी स्वेटर विणतं! विणतात ते बाळांसाठी, टोपडं, मोजे आणि स्वेटरचा सेट. त्यामुळे डब्यातल्या बायकांनी आणून दिलेले उरलेले गुंडे सगळे बाळरंगांचे: फिका पिवळा, गुलाबी, आकाशी, पांढरा. मधेच एक भडक जांभळा दिसतो तो कुणाच्या तरी नवऱ्याच्या मफलरचा. पांघरूण बारशाला आल्यासारखं का दिसतं, त्याचं कारण हे.

एवढं मोठं पांघरूण एका पर्समध्ये मावणार नव्हतं, म्हणून ठरलं की तिने तिच्या टोकाकडून सुरू करायचं, मी माझ्या. प्रत्येकीने बारा-बारा ओळी करून मधे भेटायचं. २०१९च्या जानेवारीत सुरुवात केली. पाच-पाच ओळी झाल्या आणि मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. त्या काळात आम्ही रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचो. फोटोत सगळ्यांचे चौकोन सारखेच दिसतात, हे तेव्हा सुचलं नाही. २१ ऑक्टोबरपासून बायकांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर प्रवास करायला मिळू लागला. दिवाळीच्या सुमारास अकरानंतरच्या गाडीत आम्ही भेटलो. डबा इतका मोकळा की दोघी मिळून अख्ख्या बाकावर पसरलो. तुकडे एकावर एक ठेवले. तिचा तुकडा चार इंच अरुंद.

"तुझी वीण सैल आहे," ती म्हणाली.

"अगं, तुझी घट्ट आहे."

दोन्ही खरं होतं. तिचा चौकोन सहा सेंटिमीटरचा, माझा साडेसहा. फरक अर्धा सेंटिमीटर, पण तो वीस वेळा.

तिच्या मते ओला पंचा टाकून इस्त्री मारली की ताणता आला असता. सुदैवाने आधी एका सुट्या चौकोनावर करून पाहिलं. आमची लोकर कसली, सगळी अ‍ॅक्रिलिक. गरम इस्त्री लागताच तिची सगळी उभारी गेली आणि भिजलेल्या पापडासारखा तो चौकोन हातात लोंबायला लागला. परत फुलला नाहीच. शेवटी तिने सुई बदलली, १० ऐवजी ९ नंबर. (आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा कमी तशी सुई जाड, दुकानात नवी मुलगी असेल तर हमखास उलटं देते.) पुढच्या सात ओळी माझ्या मापाच्या आल्या. म्हणून पांघरूण एका टोकाला अर्धी वीत अरुंद आहे. तुम्हाला वाटलं असेल ते धुण्यात आटलं.

मग मधोमध दोन कडा भिडल्या. तिच्या वीस चौकोनांच्या ३०० कड्या आणि माझ्या ३००. जाड डोळ्याची, बोथट टोकाची सुई घेऊन कडीला कडी लावत शिवलं. तिने कल्याणकडच्या टोकाने सुरुवात केली, मी डोंबिवलीकडच्या, आणि एक कडी जास्त उरली. कुणाची, यावर अजून एकमत नाही.

ही शिवण मागून ओळखू येत नाही, कारण टाके उचलले तिथेही मागे तशीच बारीक रेघ उमटते. शोधायचीच असेल तर पुढून शोधा. कण्याकडे बघा. माझ्या अर्ध्यात मधले टाके वर चढतात, तिच्या अर्ध्यात खाली उतरतात. ते जिथे समोरासमोर येतात, ती शिवण. आजवर एकीलाच सापडली. ती सुताराची मुलगी होती.

पण आत्ता शोधायला येऊ नका. पांघरूण दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत एकीकडे आणि गुढीपाडव्यापासून दसऱ्यापर्यंत दुसरीकडे असतं, आणि थंडी कुणाच्या वाट्याला हे दरवर्षी बदलतं. यंदा थंडी कल्याणची आहे.