निरोप पोचत होता, यादी तुटत होती

आमचा एक क्लायंट औषधांचा होलसेलर आहे, पुणे, भिवंडी आणि नागपूर असे तीन डेपो, आणि प्रत्येक डेपोत स्वतःचा सर्व्हर. मधे सेंट्रल सर्व्हर मुद्दामच नाही ठेवला, कारण एकाची लाइन गेली म्हणून बाकीच्यांचं काम अडायला नको. सगळे लिबपीटूपीवरून (मशिन्सना एकमेकांशी थेट जोडणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) एकमेकांना डायरेक्ट मेसेज पाठवतात. यात सर्व्हरची ओळख आयपीवर नसते, पब्लिक कीवरून (एन्क्रिप्शनच्या जोडीतली उघडी किल्ली) बनलेल्या पीअर आयडीवर असते, आमच्याकडे तरी सगळ्यांची ‘१२डी३कू’ने सुरू होणारी लांबलचक ओळ, आयपी बदलला तरी ती तीच राहते.

त्या दिवशी सकाळी एका सिरपची बॅच परत मागवली गेली. पुण्याहून ‘ही बॅच विकू नका’ असा मेसेज गेला आणि दोन्हीकडून लगेच पोच आली. पण मागोमाग जी यादी जायची होती, कुठल्या दुकानाला कुठल्या बिलावर किती बाटल्या गेल्यात, ती काही भिवंडीला पोचेना. अर्ध्यात कनेक्शन रिसेट, परत पाठवली की परत रिसेट. आणि ही यादी हातात आल्याशिवाय तिथली पोरं दुकानांना फोन तरी कुणाला लावणार?

सगळे म्हणाले लाइन खराब असेल. मला ते पटेना, लाइन खराब असती तर कधी इथे कधी तिथे तुटलं असतं, हे दरवेळी १२८ केबीच्या आसपासच तुटत होतं. लिबपीटूपीच्या रिलेची, म्हणजे थेट जुळत नसेल तर मधे राहून मेसेज पुढे देणाऱ्या मशीनची, डीफॉल्ट मर्यादा नेमकी तेवढीच आहे, एका कनेक्शनवर दोन मिनिटं आणि एका दिशेला १२८ केबी! म्हणजे ज्याला आम्ही डायरेक्ट म्हणत होतो ते सगळं आमच्या क्लाउडमधल्या रिलेवरून फिरून जात होतं. रिलेला मजकूर वाचता येत नाही, एन्क्रिप्शन दोन टोकांमधलंच असतं, पण रिले हा फक्त दोघांची गाठ घालून देण्यापुरता, माल वाहायला नाही.

मग थेट का जुळत नाही? भिवंडीच्या सुपरवायझर काकांना फोन लावला, म्हटलं काका, राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, काय दिसतोय तेवढं बघा. “१००.९१ ने सुरू होतोय रे,” काका म्हणाले. तो पत्ता प्रोव्हायडरच्या सीजीनॅटचा, एक पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला (नॅट म्हणजे बाहेर जाताना आतला पत्ता आणि पोर्ट बदलणं). वर क्लाउडमधल्या दोन वेगळ्या मशिन्सवरून बघितलं तर भिवंडीचा पोर्ट दोन्हीकडे वेगळा दिसत होता, म्हणजे सिमेट्रिक नॅट, दर समोरच्यासाठी वेगळा पोर्ट. अशा नॅटमागे होल पंचिंग, म्हणजे दोन्हीकडून एकाच वेळी पॅकेट्स पाठवून थेट वाट उघडणं, फारसं चालत नाही, कारण समोरच्याने कुठल्या पोर्टवर ठोकायचं हेच आधी कळत नाही.

कुणीतरी सुचवलं रिलेची मर्यादा वाढवून टाका. मी ठाम नाही म्हटलं, तसं केलं की तोच सेंट्रल सर्व्हर होऊन बसतो. पुण्याला आयपीव्ही६ (प्रत्येक मशीनला स्वतःचा पब्लिक पत्ता देता येईल अशी नवी पद्धत) चालू होतंच, भिवंडीलाही प्रोव्हायडर देत होता फक्त राउटरमधे बंद होतं, काकांना फोनवर एकेक बटण सांगत चालू करून घेतलं. आयपीव्ही६ला नॅट नाही, उरला फक्त फायरवॉल, आणि तिथे होल पंचिंग छान जमतं: रिलेवरून दोघं पत्ते देतात, ‘आता सुरू’ असा सिंकचा निरोप मिळाला की एक बाजू लगेच डायल करते, दुसरी राउंड ट्रिपच्या (निरोप जाऊन उत्तर परत यायच्या वेळेच्या) निम्मा वेळ थांबून, म्हणजे दोघांची पॅकेट्स साधारण एकाच क्षणी निघतात आणि दोन्ही फायरवॉलना वाटतं की हे आपणच मागवलेलं उत्तर आहे. लॉगमधे क्विक प्रोटोकॉलचं थेट कनेक्शन दिसलं आणि अख्खी यादी एका दमात गेली, काका फोनवरच ओरडले “आली आली, सगळी आली!”

नागपूरचा प्रोव्हायडर अजून आयपीव्ही६ देत नाही. तिथे आता यादी रिलेवरूनच, पण मर्यादेत बसणाऱ्या ६४ केबीच्या तुकड्यांत जाते, दर तुकड्याला नवं कनेक्शन आणि वेगळी पोच. आणि प्रत्येक मेसेजसोबत लॉगमधे ‘थेट’ की ‘रिले’ हे लिहायला लावलंय.